आर पडू द्या

आमच्या गावाविषयी एक म्हण आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावलेला. बदली होऊन आलेले साहेब लोक ती सुस्कारा टाकून म्हणतात, आम्ही इथले लोक छाती पुढे काढून म्हणतो. मला तिचा अर्थ कळायला वयाची अठ्ठावन्न वर्षं, सरकारी नोकरीतून सेवानिवृत्ती आणि गॅसवर करपलेली एक कढई एवढं सगळं लागलं. ती म्हण स्वयंपाकाचीच आहे. बनली तर बनली. नाही बनली तर परभणी आहेच, जाता कुठे?

झालं असं, की लेकीचं बाळंतपण निघालं. रीतीप्रमाणे लेकीने माहेरी यायचं. पण तिची नोकरी पुण्याला, डॉक्टर पुण्याचे, म्हणून माहेरच उठून तिच्याकडे गेलं. म्हणजे आमची ही गेली. गणपती उठल्यावर गेली ती चार महिन्यांसाठी. जाताना तिने मला स्वयंपाकघर समजावून दिलं. नोकरीत मी पुष्कळदा कार्यभार घेतला आणि दिला, पण इतक्या कमी कागदपत्रांत कधीच नाही. "मीठ अंदाजानं. पाणी अंदाजानं. फोडणी झाली की कळतंच." बस सुटली.

चहा सोडून मला काहीही येत नव्हतं. घरात 'रुचिरा' होतं, आमच्या लग्नातलं, पिवळ्या पानांचं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी आणि चमचा ही मापं देऊन माझ्यासारख्या कारकुनी मनाच्या माणसावर उपकार करून ठेवले आहेत. पण आमच्या घरात सात आकारांच्या वाट्या. कोणती प्रमाण मानायची? मी फोन केला. ही म्हणाली, "कोणतीही घ्या, सगळ्याला तीच घ्या म्हणजे झालं." तीस वर्षं हिशेब तपासले, पण एवढं साधं प्रमाणाचं तत्त्व मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा सुशीलावर काढला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून, वर दाण्याचं कूट. ती सहसा बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यात मला भाकरीची हिंमत आली. परभणी हे ज्वारीचं गाव. इथल्या कृषी विद्यापीठाने एका वाणाला 'परभणी मोती' असं नाव दिलंय. अशा गावात राहून पोळी-भाजीचा डबा लावणं बरं दिसत नाही. मी पीठ मळलं, थापलं आणि उचललं. तव्यावर पडताच भाकरीचे नऊ तालुके झाले. जिंतूर एकीकडे, गंगाखेड दुसरीकडे, पालम तर शेगडीच्या बर्नरमध्ये.

शेजारच्या काकूंनी पीठ चिमटीत धरून निदान केलं. "विरी गेलीय याची. कधीचं दळण?" दळण हिने श्रावणात आणलेलं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो. जी काही धरण असते ती ताज्या पिठाची आणि कढत पाण्याची. कढत पाण्याने थोडं पीठ शिजतं आणि मग एकमेकाला धरून राहतं. काकूंनी हे कृतीने दाखवलं, शास्त्र मी मागाहून जोडलं. दिवाळीपर्यंत माझी भाकरी एकसंध झाली. फुगली मात्र एकदाच. तेव्हा घरात पाहायला कुणी नव्हतं.

मग वांगं. वांग्याला टोचे मारायचे असतात हे मला माहीत नव्हतं, आणि वांग्याच्या पोटात वाफ कोंडते हे वांग्याला माहीत होतं. स्फोट अगदी नेमका झाला. बिया छताच्या पंख्यापर्यंत गेल्या. ही आल्यावर विचारणार म्हणून मी स्टुलावर चढून पंखा पुसला. तरी एक बी राहिलीच आणि ती तिला जानेवारीत सापडली.

एवढी वाटचाल झाल्यावर माणसाच्या अंगात जे येतं ते माझ्याही आलं. फोनवर मी जावयांना भरिताचं वर्णन जरा सढळ हाताने केलं. त्यांनी दिवाळीला खोका पाठवला. जावयाने सासऱ्याला दिवाळसण करण्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ असावी. खोक्यात तीन पायांची काळी बार्बेक्यू शेगडी, वर जाळी, लांब चिमटा, सळया आणि एक थर्मामीटर. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: कोंबडीच्या आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी ऑफिसातल्या जुन्या चौघांना गच्चीवर बोलावलं. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. त्याने कशाला हवा म्हणून विचारलं नाही, फक्त "शर्ट किती आहेत?" म्हणाला. कोळसा पेटेना. रॉकेल घरातून जाऊन जमाना झाला. शेवटी देवघरातला कापूर आणला, पाच-सहा वड्या खाली सारल्या, वर थोडं तेल, आणि पुठ्ठ्याने वारा घातला. भडका उठला. मला वाटलं हेच ते. कोंबडीचे तुकडे त्या ज्वाळांवर ठेवले. मिनिटभरात त्यांना इतका सुरेख रंग आला की मित्रांनी फोटो काढले. आणखी दोन मिनिटांत तो रंग डांबरी सडकेचा झाला. चरबी टपकत होती, जाळ उसळत होता, आणि शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काका, आज कशाची पूजा?" कापराचा वास सगळ्या गल्लीत गेला होता. कोंबडी आरतीला उभी राहिल्यासारखी.

मी थर्मामीटर खुपसलं. आकडा चाळीस. परभणीत एप्रिलात हवेचा पारा एवढा असतोच. म्हणजे कोंबडी अजून नुसती उन्हात उभी होती. वरून काळी, आतून गुलाबी. मित्रांनी मोठ्या मनाने सुशीला खाल्ली.

पंधरा दिवसांनी मटण. त्या अपयशाचं श्रेय मात्र सर्वस्वी माझं. खाटकाने बजावलं होतं, कच्च्या पपईचा बोटभर तुकडा वाटून लावा, अर्धा तास, जास्त नाही. मी हिशेब केला: अर्ध्या तासात मऊ होतं, तर रात्रभरात किती होईल? आणि बोटभर तुकड्याऐवजी अर्धी पपई. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं; रात्रभर सोडलं तर तोडतच राहतं, त्याला सुटीचा दिवस नाही. सकाळी भांड्यात मटण नव्हतं, मटणाचं पिठलं होतं. तरीही सळईला लावायचा प्रयत्न केला. ते सळईवरून ओघळून निखाऱ्यांत गेलं.

शेगडी कोठीच्या खोलीत गेली. डिसेंबरात मी शेतावर गेलो. आमचं शेत सेलूकडे, दुधनेच्या अंगाला. तिथे सालगड्याचं काम कधीकाळी केलेले आणि आता नुसते राखणीला असलेले एक मामा आहेत. वय त्यांनाही माहीत नाही. मी त्यांना गच्चीवरची हकिगत सांगितली. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांना दुःख झालं.

"जाळावर कामून ठिवलाव? आर पडू द्यायचा न्हाई का!"

आर म्हणजे निखारे. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण त्यात 'पडू द्यायचा' हा भाग आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मामांनी जमिनीत वीतभर खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या आणि बिडी ओढत बसले. मी दोनदा उठलो, त्यांनी दोनदा बसवलं. जाळ गेला, धूर गेला, वर राखेची पांढरी साय आली, तेव्हा त्यांनी हात खड्ड्यावर धरला. हात किती वेळ ठेववतो त्यावरून त्यांचं सगळं चालतं. माझ्या थर्मामीटरला सेल लागतो.

घरी येऊन मी 'बार्बेक्यू' हा शब्द आला कुठून ते शोधलं. कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या भाषेत 'बार्बाकोआ' म्हणजे खांबांवर उभारलेली काटक्यांची चौकट. तिच्यावर ते मांस भाजत. पण ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश गृहस्थाने १५२६ साली छापलेल्या पुस्तकात आणखी एक बार्बाकोआ आहे: मक्याच्या शेतातला लाकडी मचाण, ज्यावर बसून पोरं आरडाओरडा करत पोपट हाकलतात. हे वाचून मी खुर्चीवरून उठलोच. हा तर आमचा माळा! सुगीत ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून, गोफण गरागरा फिरवून, घसा फाटेस्तोवर पाखरं हाकलायचं काम मी चौथीपर्यंत केलंय. म्हणजे बालपणातले आठवडेच्या आठवडे मी बार्बेक्यूवर काढले, आणि साठीला टेकल्यावर जावयाने तो खोक्यात घालून पाठवला.

भाजण्याचा शौक आमच्या मुलखाला नवा नाहीच. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. राजाने काय काय उपभोगावं याची ती यादीच. तीत डुक्कर कसं भाजावं इथपासून नदीकाठचे उंदीर कसे करावेत इथपर्यंत सगळं आहे. तपशील इतका बारीक की वाचणाऱ्याला राजा चुलीपुढेच बसलेला वाटावा. पण उंदीर धरायला तो गेला नसणार. धुराने डोळे चोळणारा कुणी दुसराच होता आणि त्याचं नाव ग्रंथात नाही. मीही चाळीस वर्षं हुरडा खाल्ला तो याच राजेशाही पद्धतीने. आगटीच्या वाऱ्याकडच्या अंगाला पोतं अंथरून आम्ही, धुराकडच्या अंगाला मामा. त्यांनी कणीस भाजायचं, कढत असतानाच तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे आमच्या पुढ्यात टाकायचे. आम्ही जवसाची चटणी, कारळाची चटणी, दही, गूळ यांचा समाचार घेत "गरम आहे तोवर आणा" म्हणायचं. मामांनी कधी खाल्लं हे मी पाहिलेलं नाही. पाहायला तिकडे धूर होता.

जानेवारीत ही आली, लेक आली, जावई आले आणि तीन महिन्यांचा नातू आला. थंडी कडाक्याची होती. विद्यापीठातल्या वेधशाळेचा आकडा पेपरात पहिल्या पानावर. हुरडा ठरला. आणि मी जाहीर केलं, की आज भाजणार मी. हिने नातवाला शालीत आणखी एक वेढा घातला.

मामांना आग्रहाने पोत्यावर बसवलं. ते अगदी कडेला, बूड टेकवल्यासारखे बसले. आधी त्यांनी मला कणसं निवडायला नेलं. नखाने दाणा दाबून बघायचा: पांढरा चीक उडाला तर अजून कोवळा, दाणा नखाला दाद देईना तर गेला. मधले थोडेच दिवस त्यात गोडी असते, मग तिचा स्टार्च होतो आणि राहते ती ज्वारी. आमच्याकडच्या दोन सऱ्या गुळभेंडी वाणाच्या, त्याचा दाणा कोंड्यातून सहज सुटतो. मामांच्या हातात सुटतो. माझ्या हातात तळव्याचं कातडं सुटलं. कणीस कढत असतानाच चोळावं लागतं, गार झालं की कोंडा धरून बसतो. आणि कढत म्हणजे किती हे शब्दांत सांगायची सोय नाही. मी "हाय हाय" करत एका हातातून दुसऱ्या हातात फेकत होतो. फुंकर मारली तर कोंड्याबरोबर निम्मे दाणे जावयांच्या दह्यात.

"बाबा, गरम आहे तोवर आणा ना," लेक म्हणाली.

धूर माझ्याकडेच येत होता. जागा बदलली, तर तोही बदलला. तासाभरात माझ्या तोंडात एक दाणा गेला नव्हता, आणि खाणाऱ्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. हिने मात्र एकदा चटणी-भाकरीचा घास पुढे केला. माझे हात काळे म्हणून थेट तोंडातच घातला. "मीठ बरोबर आहे ना?" तिने विचारलं. चटणी तिचीच. मी म्हणालो, "अंदाजानं."

मामांपुढे मी मूठभर दाणे ठेवले. त्यांनी दोन उचलले, चावले, आणि बराच वेळ दुधनेकडे बघत राहिले. मग काही न बोलता पोत्यावरून उठले, माझ्या शेजारी येऊन बसले, मी आगटीत खोचलेली कणसं एकेक करून बोटभर आत सरकवली आणि एक स्वतःसाठी खोचलं.