द्वारपालाची बदली

ज्या पहारेकऱ्यासमोर उभे राहून आपण यंत्र नसून मनुष्य आहोत असा जबाब सुशिक्षित जगातील बहुतेक प्रत्येक स्त्रीपुरुषाने एकदा तरी नोंदविलेला आहे, त्या रीकॅप्चा नामक पहारेकऱ्याची बदली झाली आहे. गूगलच्या दफ्तरातून सुटलेल्या हुकमाचा मतलब असा होता की, संकेतस्थळांच्या चालकांना आजवर मागेल त्याला फुकट वाटलेल्या जुन्या किल्ल्या त्यांनी 2025 सालाच्या अखेरपर्यंत गूगल क्लाउड नामक मेघमंडळातील एखाद्या प्रकल्पाच्या नावे वर्ग करून घ्याव्या. पहारेकरी तोच, किल्लीवरील अक्षरेही तीच. संकेतस्थळाच्या घडणीत काना-मात्रेचा फरक करण्याचे कारण नाही, असा दिलासाही सोबत आहे. मग बदलले काय, अशी शंका ज्या भाबड्या चालकाच्या मनात उद्भवेल, त्याने मामलेदार कचेरीची पायरी कधी चढलेली नसावी. बदलले ते खाते. आणि ज्याचे खाते बदलते त्याचा धनी बदलतो, हे आमच्या गावचा कोतवालही जाणतो.

या पहारेकऱ्याचे पूर्वचरित्र मोठे उद्बोधक आहे. 2007 साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात लुईस फॉन आन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यास जन्म दिला, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यास तो दोन वेडेवाकडे शब्द वाचावयास देई. त्यांपैकी एकाचे उत्तर त्यास ठाऊक असे, दुसऱ्याचे नसे. आणि जो पहिला शब्द बिनचूक वाची त्याचे दुसऱ्याचे वाचनही ग्राह्य धरून, न्यूयॉर्क टाइम्सच्या जीर्ण अंकांतील जी अक्षरे यंत्राच्या बुद्धीस उलगडत नसत ती या युक्तीने उलगडून घेतली जात. 2009 साली गूगलने ही सारी योजना खरीदली. वर्तमानपत्रांच्या मागोमाग ग्रंथ आले, ग्रंथांच्या मागोमाग रस्त्यावरील घरांचे क्रमांक आले, आणि पुढे बसगाड्या, दिवे नि पादचारीपट्टे यांचे चौकोन मांडून, यांत्रिक दृष्टीस जे शिकावयाचे होते ते मानवी दृष्टीकडून वदवून घेण्याचा परिपाठ पडला. पूर्वीचे अंमलदार रयतेस वेठीस धरीत तेव्हा आपल्या डोईवर गाठोडे आहे आणि ते अमुक साहेबाचे आहे, एवढे तरी वेठ्यास समजत असे. या नव्या वेठीचे वैशिष्ट्य असे की, वेठ देणारा आपण केवळ दार उघडून घेत आहोत अशा समजुतीत राहिला. सदाशिव पेठेतील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांना अमेरिकन पदपथावरील अग्निशमनाच्या नळाचा ठेंगणा बुंधा ओळखता आला नाही म्हणून त्यांच्या मनुष्यत्वाचा अर्ज तूर्त नामंजूर व्हावा, हा त्यातला आनुषंगिक विनोद. त्याची किंमत गूगलने कधी लावली नाही, हे उपकारच म्हणावयाचे.

2014 साली एका चौकटीत खूण करून 'मी रोबोट नाही' असे प्रतिज्ञेवर सांगण्याची सवलत मिळाली, आणि 2018 साली तर पहारेकरी अदृश्यच झाला. या नव्या रूपात तो प्रश्न विचारीत नाही. तुमची चालचलणूक न्याहाळून शून्य ते एक यांच्या दरम्यान एक दशांश अपूर्णांक मुकाट्याने चालकाच्या हाती ठेवतो. ज्याचा अपूर्णांक एकाच्या जितका निकट, तो तितका विश्वासपात्र. आत्मा अंशरूप आहे असे आमच्या आचार्यांनी प्रतिपादिले होते खरे, परंतु त्या अंशाचे दशमान कोष्टक बसविण्याची कल्पना त्यांनाही सुचली नाही. अधिक मौज पुढेच आहे. मेघमंडळातील प्रकल्पास जोवर देयकाचे खाते जोडलेले नाही, तोवर या कोष्टकाच्या केवळ 4 पायऱ्या, म्हणजे 0.1, 0.3, 0.7 आणि 0.9, चालकाच्या दृष्टीस पडतात. पैसे वसूल होतील असे खाते जोडले की पायऱ्या 11 होतात. म्हणजे अभ्यागत पुरता मनुष्य की पुरते यंत्र, असा निःसंदिग्ध निर्वाळा देण्यापूर्वी पहारेकरी प्रथम चालकाच्या कनवटीकडे पाहतो. हिशेबी मंडळींना यात विसंगती दिसणार नाही. आम्हालाही ती फार काळ दिसत राहील असा भरवसा वाटत नाही.

आमच्या परिचयाच्या एका सार्वजनिक वाचनालयाने या हुकमाची तामिली करावयाची ठरविली, तेव्हा कार्यकारी मंडळाच्या सभेत पहिलाच प्रश्न उपस्थित झाला तो असा की, किल्ली आहे कोणाच्या नावावर? शोधाअंती निष्पन्न झाले की ती वाचनालयाच्या नावावर नाही, चिटणिसांच्या नावावर नाही, तर संकेतस्थळ बांधून देऊन, बिदागी घेऊन, पुढे नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या एका तरुणाच्या खाजगी टपालखात्यावर आहे, आणि किल्ली वर्ग करण्याचा अधिकार खातेधारकासच आहे. मग प्रकल्प म्हणजे काय, त्याचा प्रशासक कोण, देयकासाठी कार्ड कोणाचे द्यावयाचे, या विषयांवर खजिनदारांनी जे भाषण केले ते इतिवृत्तात घेऊ नये असे सर्वानुमते ठरले. ज्या संस्थेला वार्षिक वर्गणीच्या पावत्यांचा मेळ घालताना दिवाळी उजाडते, तिने केवळ तक्रारपेटीत कचरा पडू नये एवढ्यासाठी मेघमंडळात जहागीर घ्यावी आणि तिची व्यवस्था पाहावी, ही अपेक्षा करणाऱ्यांची कल्पनाशक्ती वंदनीय आहे.

इतिहासाचे वाचन असलेल्यांना येथे इनाम कमिशनचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या त्या कमिशनाने मुंबई इलाख्यातील इनामदारांस, तुमच्या जमिनीचा हक्क सिद्ध करा, सनदा दाखवा, असे फर्माविले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कागद वाळवीने खाल्ल्यामुळे अनेकांची इनामे खालसा झाली. फरक एवढाच की, इनामदारांच्या हक्काचे मूळ पूर्वीच्या राजवटीत होते; येथे ज्याने सनद दिली तोच ती तपासावयास बसला आहे.

आता आकारणीविषयी. एके काळी महिन्याला 10 लाख तपासण्या मोफत होत. नव्या बंदोबस्तात ही माफी 10,000 वर आली असून पुढील तपासणीस दाम मोजावा लागतो. आत येऊ पाहणारा सज्जन असो वा तस्कर, तपासणी ही तपासणीच, म्हणून चोर जितक्या वेळा दार ठोठावील तितक्या वेळांचा आकार घरमालकाच्या खाती पडेल. एवढे करून चोर अडतो म्हणावे, तर 2023 साली कॅलिफोर्नियातील आर्व्हाइनच्या विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, या प्रकारची कोडी यंत्रे माणसांपेक्षा अधिक लवकर आणि अधिक अचूक सोडवितात. आणि 2024 साली झुरिकच्या संशोधकांनी रीकॅप्चाच्या चित्रमय कोड्यांवर आपल्या यंत्राकडून शंभर टक्के यश मिळविल्याचे जाहीर केले. याचा अर्थ, ज्यांना अडवावयाचे ते प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होतात, आणि आमचे निवृत्त मुख्याध्यापक अद्याप नळाचा बुंधा शोधीत बसले आहेत.

क्लाउडफ्लेअर या बड्या कंपनीने पैशाची चाहूल लागताच 2020 सालीच हा पहारेकरी सोडून दुसरा पत्करला, आणि पुढे स्वतःचाच एक उभा केला. ज्यांच्या पदरी फौजफाटा आहे त्यांना असा मार्ग मोकळा असतो. वाचनालये, पतपेढ्या, शाळा आणि मित्रमंडळे यांच्या चिटणिसांस आमची एवढीच विनंती की, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत 'किल्ली कोणाच्या नावावर' हा विषय पहिला घ्यावा, आणि तो तरुण परदेशातून पत्राचे उत्तर देत आहे तोवरच घ्यावा.