निद्रा माहुरी, आंघोळ इतरत्र

दत्तप्रभूंचा दिनक्रम महाराष्ट्राला पाठ आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात, निद्रा माहुरात. महानुभाव मंडळी जेवणाची जागाही सांगतात, ती गोदाकाठच्या पांचाळेश्वराची. म्हणजे आंघोळ परराज्यात, माधुकरी पश्चिम महाराष्ट्रात, पंगत बीड जिल्ह्यात, आणि माहूरला यायचे ते फक्त पाठ टेकायला. या व्यवस्थेमागे थोर अध्यात्म आहेच. पण माहुरातल्या एखाद्या थकलेल्या लॉजवर रात्र काढलेल्या माणसाला त्यातला व्यवहारही उमगतो. त्रिकालज्ञच तो. कुठे काय मागावे आणि कुठे काय मागू नये, हे त्याला आपल्या फार आधी कळले होते.

लॉजवाल्यांनीही हाच पाहुणा नजरेपुढे ठेवून खोल्या काढल्या असाव्यात. अंधार पडल्यावर येणारा, उजाडायच्या आत निघणारा, ऊन पाणी न मागणारा, टॉवेल न मागणारा आणि ‘नाश्त्याला काय आहे?’ असे चुकूनही न विचारणारा. तुम्ही-आम्ही या मापात बसत नाही, हा दोष लॉजचा कसा?

लॉज कोणते, ते विचारू नका. खाली प्रसादाचे, बांगड्यांचे आणि मोबाइल रिचार्जचे दुकान, मधून एका माणसापुरता जिना, जिन्याच्या तोंडाशी ‘लॉजिंग, फॅमिली रूम, २४ तास गरम पाणी’ अशी पाटी. इतकी खूण पुरे आहे. गडावर रेणुकामातेचा प्रसाद म्हणून कुटलेला विडा मिळतो. जिन्याच्या कोपऱ्यांत जो लाल रंग दिसतो तो मात्र प्रसादाचा नव्हे, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा. तो ओलांडून वर गेले की काउंटर, काउंटरवर जाडजूड रजिस्टर, आणि रजिस्टरवर डोके टेकून झोपलेला मुलगा. माहुरी निद्रेचा पहिला साक्षात्कार इथेच होतो.

खोलीत नळ आहे, त्याला पाणी नाही. बादली आहे, तिला कडी नाही. मग आहे, त्याला दांडा नाही. खिडकी आहे, पण ती उघडायची नाही, कारण बाहेर माकडे आहेत आणि त्यांना खोली आधीपासून माहीत आहे. एसी आहे, त्याचा रिमोट मॅनेजरकडे आहे, मॅनेजर किनवटला गेला आहे. चादर एके काळी पांढरी होती, याचा पुरावा कडेच्या शिवणीत जपून ठेवलेला आहे. उशीला अभ्रा नाही; अनेक वर्षांच्या भाविकांनी आपापल्या खोबरेल तेलाने तिला जो थर दिला आहे, तोच अभ्रा. बारा बटणांच्या बोर्डावर पंख्याचे बटण कोणते, याचा शोध घेता घेता माणूस अंतर्मुख होतो. ते शेवटी खोलीबाहेर सापडते, पॅसेजमध्ये.

मग मुलाला उठवावे लागते.

“पाणी?”

“आत्ताच सोडलं होतं सायेब.”

“आणि गरम?”

“सोलर हाय. ऊन पडलं की येते.”

“अरे, ऊन पडेपर्यंत आमचा अभिषेक होऊन जाईल!”

“मंग तं काहीच टेन्शन नाही.”

आवाज थोडा चढवला, तर तो पुढचे वाक्य काढतो. “देवीच्या दारी आलात सायेब, इतकं तं सोसाच लागते.”

या एका वाक्यावर सगळा धंदा उभा आहे. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांना अजून हे वाक्य सापडलेले नाही, म्हणून बिचारी गालिचे धूत बसतात. इथे पाणी नसले तर ते व्रत, जेवण नसले तर तो उपास, जिना चढून गुडघे दुखले तर ती शिखराची पूर्वतयारी. डासांनी झोपू दिले नाही तर जागरण घडले समजावे. उरला गोंधळ, तो शेजारच्या खोलीत लातूरहून आलेली मंडळी पहाटे तीनपासून घालतातच. तक्रार करावी, तर ती देवीच्या खात्यावर जमा होते. आणि देवीविरुद्ध तक्रार नोंदवण्याइतके धीट गिऱ्हाईक मराठवाड्यात जन्मायचे आहे.

पाहुण्यांच्या अनुभवांची आम्ही जी चौकशी केली, तीत तीन जाती आढळल्या. पहिली नवसाची. घरातले सोळा जण, खोली एक, गाद्या दोन. सून कुरकुरते, नातू पुण्याच्या सवयीने वायफायचा पासवर्ड मागतो, आणि आजी दोघांना गप्प करते. “आमच्या वक्ताला बैलगाडीनं यावं लागायचं. ओवरीत निजायचो, उशाला दगुड. तुमाला पंखा भेटला तरी रडता!” ही आजी लॉजची बिनपगारी वकील आहे. तिच्या उलटतपासणीत भल्याभल्यांच्या तक्रारी फुटतात.

दुसरी जात सरकारी. तपासणीला, परीक्षेला किंवा निवडणुकीच्या ड्युटीवर आलेल्या साहेबाला चादर दिसत नाही, डास चावत नाहीत. त्याच्यासाठी त्या लॉजमधली एकच सेवा तत्पर असते. पेन उघडून मुलगा विचारतो, “बिल कितीचं बनवू सर?” कागदावरची ती खोली आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाही; पण बिलावरून अंदाज येतो की तिथे गरम पाणी असावे.

तिसरी जात सर्वांत मोठी आणि सर्वांत गरीब. शेवटची एसटी चुकलेल्यांची. माहूर नांदेडहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघायचे, रेणुका, अनसूया आणि दत्त ही तिन्ही शिखरे उरकायची आणि रात्री घरी जेवायला पोचायचे, असा जीपवाल्यांचा हिशेब. नांदेडकर तसेच येतात, यवतमाळ-पुसदचे तसेच येतात, आदिलाबादकडचे तेलुगू भाविकही तसेच. माहूरला कोणी राहायला येत नाही, राहून जाते. आणि जो नाइलाजाने राहिला, त्याच्यासाठी अभ्रा धुणारा लॉजवाला व्यवहारात मूर्खच म्हणायचा.

त्याची बाजूही ऐकून घ्यावी. वर्षातली त्याची खरी कमाई बोटांवर मोजण्याइतक्या रात्रींची. नवरात्राच्या नऊ माळा, दत्तजयंती, राखीपौर्णिमेची परिक्रमा. तेव्हा खोलीच काय, गच्ची, जिना आणि काउंटरखालची जागाही जाते, आणि भाव बोलेल तो. एरवी महिनोन्‌महिने रिकाम्या खोल्यांत माकडांचा वावर. यात्रेत सुधारणा करायला सवड नाही, यात्रा संपली की कारण नाही. भरलेली खोली झाडता येत नाही आणि रिकामी झाडायची कोणासाठी? या कोड्याला उत्तर सापडेस्तोवर बादलीची कडी बसणार नाही.

माहूरच्या पाहुण्यांत बडी नावेही आहेत. बापाविरुद्ध बंड करून फसलेला शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२३ साली पाठीवर मोगल फौज घेऊन माहूरच्या किल्ल्यावर आला. हत्ती आणि जड सामान इथे ठेवून तो गोवळकोंड्याच्या वाटेला लागला. सामान ठेवून जाणारा हा आद्य प्रवासी. मुक्काम कसा झाला, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. पण पुढे बायकोच्या कायमच्या मुक्कामाची सोय करताना या माणसाने एका दगडाचीही काटकसर केली नाही. कुठेतरी पोळल्याशिवाय माणूस इतका खर्च करत नाही.

कायदा काय करतो, असे कोणी विचारील. कायदा आहे, आणि तो १८६७ चा आहे. इंग्रजांचा सराई कायदा. सराईवाल्याने सराई स्वच्छ ठेवावी, भिंती, छप्पर, गटारे दुरुस्त ठेवावीत, दर लिहून दर्शनी लावावेत, इतकेच नव्हे तर ज्या फांदीवरून चोर आत येऊ शकेल ती झाडाची फांदीही छाटावी, असे त्यात बजावले आहे. न केल्यास दंड वीस रुपयांपर्यंत, आणि पुढे दुरुस्ती होईस्तोवर दिवसाला एक रुपया. माकडांच्या फांद्यांचा विचार गोऱ्या साहेबाने केला नव्हता, एवढीच त्रुटी. पण त्या वेळी माहूर निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांचा कायदा पैनगंगेपर्यंत आला असेल तर तिच्या पाण्यात वाहून गेला. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. काही उशा मात्र अजून सामील व्हायच्या आहेत.

आता सगळे बदलणार आहे, असे म्हणतात. ६ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या चौंडीत राज्याचे मंत्रिमंडळ बसले आणि तुळजापूर, कोल्हापूर, ज्योतिबा, त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांबरोबर माहूरगडाच्या विकास आराखड्यालाही मंजुरी मिळाली. माहूरच्या वाट्याला ८२९ कोटी. साडेतीन पीठांतले पूर्ण पीठ असून आजवर माहूरला अर्ध्याचाही मान मिळाला नव्हता, तेव्हा आकडा ऐकून आम्हाला गहिवरून आले. आराखडा म्हणजे काय, हेही आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. रस्ता रुंद होईल, कमान उभी राहील, कमानीवर नेत्यांचे फोटो लागतील आणि कमानीखालून भाविक त्याच जिन्याने त्याच काउंटरपाशी येईल.

किंवा त्याहून भयंकर म्हणजे, खरोखरच एखादे चकचकीत हॉटेल येईल. मग आमची चिंता वेगळी आहे. रोज रात्री निजायला येणाऱ्या त्या मूळ पाहुण्याचे काय? चेहरे तीन, मग आधारवरचा फोटो कोणता? एक्स्ट्रा बेड किती लावायचे? बरोबर चार कुत्रे, आणि काचेवर तर ‘पाळीव प्राण्यांना मनाई’. गाय कुठल्या पार्किंगमध्ये? बिचाऱ्याला कडक इस्त्रीच्या गणवेशातला पोरगा नम्रपणे दुसरे लॉज बघायला सांगेल, आणि तो पुन्हा आमच्या जिन्यानेच वर येईल. काउंटरवरचा मुलगा झोपलेला असल्याने त्याची नोंद होणार नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

खरे तर पाहुणचार हा विषय माहूरला शिकवायला जाणे म्हणजे उद्धटपणा. पाहुण्यांनी यजमानाची सर्वांत कठोर परीक्षा घेतल्याची जी कथा आपल्याकडे सांगतात, ती या गावची. ब्रह्मा, विष्णू, महेश भिक्षेकऱ्यांच्या वेषात अनसूयेच्या दारी आले आणि जेवायला वाढण्यासाठी अशी अट घातली, की आजचा कुठलाही मॅनेजर पोलिसांना फोन करील. अनसूयेने पाहुण्याला नाही म्हटले नाही, स्वतःचे शीलही सोडले नाही. तिने तिघांची तान्ही बाळे केली, पोटभर पाजले आणि पाळण्यात निजवले. तिचे शिखर आजही तिथे आहे, आणि लॉजच्या गच्चीवर उभे राहिले की समोर दिसते. लॉजवाल्यांनी या कथेतला पूर्वार्ध तेवढा उचलला. धडधाकट माणसे संध्याकाळी जिना चढतात आणि रात्री दहापर्यंत त्यांची बाळे झालेली असतात. पाण्यासाठी रडतात, दुधाच्या चहासाठी रडतात, अंगावर घ्यायला काही द्या म्हणून रडतात. पाजण्याचे आणि निजवण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेतलेले नाही.

म्हणून सरकारदरबारी आमची एकच नम्र सूचना आहे. देवाधर्माच्या कामात आकड्यावर वरचा एक ठेवायची आपली रीत आहे. शंभराची पावती कोणी फाडत नाही, एकशे एकची फाडतात. ८२९ कोटी कमानींना, दगडांना आणि दगडांच्या टक्केवारीला सुखाने लागू देत. त्यावर वरचा एक कोटी ठेवा आणि तो अभ्रे, बादल्यांच्या कड्या, मगांचे दांडे यांवरच खर्च करा. टेंडर काढू नका, नाही तर मगांचे भूमिपूजन होईल.