प्रेरणा मागाहून कळवण्यात येईल

कुठल्याही उद्योजक मेळाव्याला जा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि मग निवेदिकेचा लाडका प्रश्न: 'सर, या व्यवसायात यावं असं तुम्हाला का वाटलं?' सर घसा साफ करतात आणि सांगतात, 'समाजाला काहीतरी परत द्यायचं होतं.' सरांचा धंदा पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांचा. तो सुरू केला तेव्हा समाजाकडून एक छदाम आला नव्हता; अंगावर होते ते मेव्हण्याचे दीड लाख. परत द्यायचे होते ते त्याचे. पण मेव्हणा पहिल्याच रांगेत बसलेला असल्यामुळे तो विषय निघत नाही.

पहिल्या वर्षी धंद्यात प्रेरणा नसतेच. दुकानाचं डिपॉझिट असतं, उधारीवर आणलेला माल असतो आणि 'उद्या येतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक असतं. प्रेरणा उगवते ती ताळेबंदात नफा दिसायला लागला की. ज्याचं बुडालं त्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुझी प्रेरणा काय होती? त्याला विचारतात, 'कोणी सांगितले होते नसते उद्योग?'

माझं विचाराल तर महाराष्ट्रात उद्योगांना सगळ्यात जास्त चालना दिली ती ऑफिसातल्या साहेबाने. एमआयडीसी १९६२ सालची. साहेब त्याच्या कितीतरी आधीपासून या कामाला लागलेला आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. मग रंग सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. हक्काची बढती आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बेळगावला गेले आणि थोरल्या भावाबरोबर सायकलींच्या दुकानात रमले. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणे. नांगर कुठे खपायला लागतोय तोवर गावाच्या विस्तारासाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. उठा म्हणाले. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर कर्जाऊ पैसेही दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

म्हणजे कच्चा माल काय लागला? एक डावललेली बढती आणि नगरपालिकेची एक नोटीस. दोन्ही वस्तू आज महाराष्ट्रात मुबलक मिळतात. वाड्या मात्र त्या मानाने उभ्या राहत नाहीत, कारण माळ देणारा राजा मिळत नाही. मेळाव्यातल्या भाषणांत हा राजाच नेमका गाळला जातो. जिद्द सांगितली की टाळ्या पडतात. जमीन कोणी दिली, जामीन कोण राहिलं, घरातला पगार कोणाचा चालू होता, हे सांगितलं की लोक घड्याळ बघतात.

आजचा साहेब अपमान करत नाही, फीडबॅक देतो. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणतो आणि बोनसच्या वाटणीच्या वेळी खरोखर कुटुंबातल्यासारखाच वागतो. असल्या दोन-चार दिवाळ्या काढल्या की चांगला पगारदार माणूस रात्री झोपेत लाकडी घाण्याचं तेल विकायला लागतो. त्याला तेलाचं काडीचं प्रेम नसतं. त्याला सोमवार सकाळची मीटिंग नको असते.

आणि हा माणूस स्वतः मालक झाला की करतो काय? त्याच मीटिंगा घेतो. त्यालाही कोणीतरी कंटाळतं आणि शेजारच्या गल्लीत आणखी एक दुकान निघतं. उद्योजकतेचा वंश आपल्याकडे असाच वाढत आला आहे. मिसळीच्या दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी दिसली की समजावं, शाखा आहे. ती इथलाच आचारी चालवतो आणि कट याच्यापेक्षा बरा करतो. साहेबाच्या खालोखाल नंबर सख्ख्या भावाचा. एकाच आडनावाची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी, एकावर 'जुने व प्रसिद्ध', दुसऱ्यावर 'मूळ दुकान हेच', तर तिथे प्रेरणा कोणती ते दिवाणी न्यायालयात विचारावं.

आता एवढं ऐकून कोणाला वाटेल, की अपमान झाला की धंदा झालाच. तसं असतं तर या देशात सगळ्यात मोठे कारखानदार कोण असते, ते सांगायला नको. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आले. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत शिपायांनी त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकल्या, राहायला जागा मिळेना, होती त्या पारशी धर्मशाळेतून हाकलून देण्यात आलं. ते मुंबईला परतले आणि शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. मुंबईत त्या काळी या कामाला इतकी पात्रता असलेली माणसं किती असतील? सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं तसं गिऱ्हाईक यायचं थांबलं. १९१८ च्या अखेरीला ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बाजार फक्त पैसा बघतो, जात बघत नाही, असं ठासून सांगणाऱ्या माणसाला मी हा किस्सा सांगतो. तो म्हणतो, तो काळ वेगळा होता. मग २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांना स्वतःचं वेगळं चेंबर ऑफ कॉमर्स का काढावं लागलं, असं विचारलं की त्याला एक फोन येतो.

आता प्रेरणेच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांना कधी द्यावंच लागलं नाही, त्या मंडळींविषयी. गिरणगावातल्या खानावळवाल्या. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि कोणातरी बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. ती बाई पहाटे उठून पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. किराणा उधारीवर, रोख पैसा लागला तर सावकार आहेच, त्याच्याकडे मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज या बायकांपर्यंत पोचवलं. तोपर्यंत बँकेच्या लेखी त्या कोणीच नव्हत्या. भांडवल आणायचं, माल घ्यायचा, उधारी वसूल करायची, मागणी बघून पोळ्यांचा आकडा ठरवायचा, हे सगळं त्या करत होत्या. नव्हतं ते फक्त व्हिजिटिंग कार्ड. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणाऱ्यांचे पगार थांबले, तसे खानावळींचे पैसेही थांबले, आणि तरी नवरे संपावर असलेल्या कितीतरी घरांत चूल पेटती राहिली ती बायकांच्या असल्याच हातकामावर. कोणी भाजी विकली, कोणी पापड लाटले, कोणी शिवण घेतलं. त्यांना व्यासपीठावर बोलावून 'मॅडम, आपली प्रेरणा?' असं विचारायचं धाडस कोणी केलं नाही हे बरं झालं. लाटणं हातात होतं.

सरकारी हिशेबात अशा लोकांना स्वयंरोजगारित म्हणतात. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातल्या काम करणाऱ्या दर शंभरांपैकी ५८ जण या रकान्यात आहेत. आकडा ऐकला की छाती फुगते, केवढा हा उद्योजकांचा देश! मग पुढची ओळ वाचावी. या ५८ पैकी १९ जण घरच्याच धंद्यात बिनपगारी राबणारे आहेत. पाटीवर 'अँड सन्स', आत पुड्या बांधतेय सून.

'ग्लोबल आँत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर' नावाचं एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण आहे. नव्याने धंदा काढणाऱ्यांपुढे ते २०१९ पासून चार कारणं ठेवतं. जगात काही बदल घडवायचा आहे. भरपूर संपत्ती मिळवायची आहे. घराण्याची परंपरा चालवायची आहे. नोकऱ्या दुर्मीळ आहेत म्हणून पोटाला हवं आहे. एकापेक्षा जास्त कारणांना होकार दिला तरी चालतो. भारतीयांनी चारही कारणांना दणदणीत होकार दिला. म्हणजे एकाच माणसाला जग बदलायचं आहे, गडगंज व्हायचं आहे, आजोबांची पेढी चालवायची आहे आणि त्याला नोकरीही मिळत नाहीये. पाश्चात्त्य अभ्यासक यावर डोकं खाजवत असतील. आपण खाजवायचं कारण नाही. फॉर्मातला एखादा रकाना मोकळा सोडला तर अर्ज बाद होतो, हे आपल्याला बालवाडीच्या प्रवेशापासून माहीत आहे.

अर्जावरून योजना आठवल्या. मुद्रा कर्ज २०१५ साली आलं. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', मग 'किशोर', मग दहा लाखांपर्यंत 'तरुण'. २०२४ साली वीस लाखांचा 'तरुण प्लस' आला. उद्योजक मोठा होऊन चार पैसे गाठीला बांधेल आणि कर्जाशिवाय जगेल, त्या वयाला अजून नाव ठेवलेलं नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या विशेष गटांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. चांगली गोष्ट आहे, खऱ्या गरजूच्या हाती पडली तर फारच चांगली. पण जिल्हा उद्योग केंद्रासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जरा थांबून ऐका.

'कोणता धंदा टाकायचाय?'

'अनुदान कशाला आहे?'

तिथे प्रोजेक्ट रिपोर्ट तयार मिळतो. नाव, गाव आणि तालुका बदलायचा. शेळीपालनाच्या रिपोर्टात 'यंत्रसामग्रीचा घसारा' असा मथळा तसाच राहून गेलेला असतो, कारण मूळ रिपोर्ट पिठाच्या गिरणीचा. बँकेचा अधिकारी तो वाचत नाही. शेळीही वाचत नाही.

मला स्वतःला सगळ्यात प्रामाणिक धंदे वाटतात ते पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांभोवती उगवलेले. अभ्यासिका, मेस, चहाची टपरी, जुन्या नोट्सच्या झेरॉक्स. यांतले बरेच धंदे कालपर्यंत तिथेच अभ्यासाला बसलेल्या मुलांनी काढलेले आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा हुकली, मुलाखतीत एकदा गेलं, खुल्या गटाची अडतिसाची मर्यादा समोर दिसायला लागली, गावाकडे तोंड दाखवायचं धैर्य नाही. मग जिथे बसून झिजला त्याच हॉलचं भाडं भरून तो तिथला मालक होतो आणि नव्या पोरांना महिन्याच्या फीवर खुर्ची देतो. 'तुमची प्रेरणा?' असं त्याला विचारलं तर तो भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवेल. ते लोकसेवा आयोगाचं असतं आणि पुढे ढकललेलं असतं. त्याचा मागणीचा अंदाज कुठल्याही एमबीएवाल्यापेक्षा पक्का आहे: आयोग परीक्षा पुढे ढकलत राहणार आणि पोरं खुर्च्या भरत राहणार.

एवढं करून हा पोरगा लग्नाच्या बाजारात उभा राहतो आणि तिथे खरी मुलाखत होते. बायोडाटावर 'स्वतःचा व्यवसाय' लिहिलंय. मुलीचे वडील चष्मा कपाळावर नेतात. 'ते ठीक आहे हो, पण कायमचं असं काय आहे?' पोरगा सांगतो, महिन्याला सगळं जाऊन साठ हजार सुटतात. वडील म्हणतात, 'पंचवीस असते तरी चाललं असतं, पण नोकरी हवी होती.' हे गृहस्थ स्वतः तालुक्याच्या गावी सिमेंट-पत्र्याचं दुकान चालवतात, तीस वर्षं झाली. बंगला त्यातून झाला, थोरल्या मुलीचं लग्न त्यातून झालं, दारातली गाडी त्यातूनच आली. मध्यस्थ धीर करून विचारतो, 'अहो, पण तुम्हीसुद्धा धंदाच केलात ना?'

'केला. नोकरी दिली होती का कोणी?'