आधी आजाराचं नाव सांगा

वहिनींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागं एक चिठ्ठी खोचलेली आहे. रक्ताच्या तपासणीची. मार्चपासून ती तिथंच आहे.

वहिनी आमच्याच गल्लीतल्या, इचलकरंजीच्या. पोळीभाजीचे डबे देतात. रोजच्या दीडशे पोळ्या. गेली तीन वर्षं सकाळी उठल्यावर त्यांची मूठ वळत नाही. कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसतात, तासाभरानं बोटं लाटण्याभोवती धरतात, मग कणकेला हात. थंडीच्या दिवसांत नळाखाली भांडी घेतली की दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडतात, थोड्या वेळानं निळसर. संध्याकाळी बारीक ताप. तोंड आलं की पंधरा-पंधरा दिवस भाकरी गिळवत नाही. हे मी ओट्यापाशी उभी राहून पाहिलंय.

या दुखण्याला नाव नाही. म्हणजे असणारच, पण ते अजून वहिनींना कुणी सांगितलेलं नाही. रक्त कमी आहे, पाळी जायचं वय आहे, ड जीवनसत्त्व कमी आहे, टेन्शन घेता, हे सगळं सांगून झालं. एकानं सलाइन लावलं, एकानं झोपेची गोळी दिली. संधिवाताची पहिली चाचणी निगेटिव्ह आली, तर ‘मावशी, रिपोर्ट नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ म्हणून बोळवण झाली. ती चाचणी निगेटिव्ह येऊनही संधिवात असू शकतो. ल्युपससारख्या आजारांच्या चाचण्या वेगळ्याच असतात, आणि त्याही एका फटक्यात उत्तर देतील असं नाही. डॉक्टरला न कळणं हा गुन्हा नाही. ‘मला अजून कळलेलं नाही’ म्हणायच्या जागी ‘काही झालेलं नाही’ म्हणणं, हा मात्र मला गुन्हाच वाटतो. पहिल्या वाक्यानं माणूस पुढच्या डॉक्टरकडे जातो. दुसऱ्या वाक्यानंतर घरचेच विचारायला लागतात की खरंच दुखतंय का.

बायका दुखणं अंगावर काढतात, असं म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. वहिनींनी काढलेलं नाही. इथले पाच दवाखाने झाले, दोनदा मिरज झाली. डब्यांच्या हिशेबाची जी वही आहे, तिच्या मागच्या पानांवर हा दुसरा हिशेब आहे. रक्त १४५०. हाताचा एक्स-रे ६००. मिरज येणं-जाणं, दोघांचं. डबे बुडाले, दोन दिवस. मी बेरीज केली, ती ६१ हजारांवर गेली. हे सगळे पैसे फक्त शोधाचे. उपचार अजून सुरू व्हायचाय.

आणि सरकारी योजना? आहे ना. केशरी रेशनकार्ड आहे. २३ सप्टेंबर २०१८ला आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावानं चालते, आणि २०२३ साली ती सगळ्याच रेशनकार्डधारकांना लागू करायचा निर्णय झाला. हृदयाच्या झडपा, डायलिसिस, कर्करोग, किती घरं या योजनांनी सावरलीत ते मी पाहिलंय, त्यांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण वहिनी कार्ड घेऊन योजनेच्या टेबलाशी गेल्या, तेव्हा तिथल्या आरोग्यमित्रानं विचारलं, ‘डॉक्टरांनी आजार काय लिहून दिलाय? अॅडमिट करायला सांगितलंय का?’ पोरगं भलं होतं, त्याची चूक नाही. योजनेची रचनाच खाटेभोवती आहे. यादीतला उपचार हवा आणि माणूस भरती हवा. आयुष्मानमध्ये भरती होण्याआधीचा खर्च धरतात तो तीन दिवसांचा. तीन दिवसांचा! वहिनी तीन वर्षं शोधतायत.

मग खासगी विमा घ्यावा, असं नोकरदार मंडळी सुचवतात. घ्यावा, पण नियम आधी वाचावा. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्या दुखण्याचं निदान झालं किंवा ज्यावर डॉक्टरनं औषध दिलं, ते जुना आजार म्हणून धरलं जातं आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. एप्रिल २०२४च्या आधी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. म्हणजे डॉक्टरला ज्याचं नाव ठाऊक नाही, ते दुखणं कंपनीच्या लेखी ‘जुना आजार’ होऊ शकतं. शिवाय पॉलिसीत सहसा असलेलं एक ठरावीक कलम आहे: निव्वळ तपासण्यांसाठी दवाखान्यात भरती झालात, तर त्याचे पैसे नाहीत. विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, बरं झालं. वहिनींच्या अडचणीला त्यानं कुठंच हात लागत नाही.

भरतीशिवायचा खर्च देणं सरकारला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण विभागापासून सगळं देतं, डॉक्टरचा सल्ला, तपासण्या, गोळ्या. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयमध्येही तेच मिळतं, आणि भरती व्हायची वाट पाहावी लागत नाही. वहिनींचे मालक सात माणसांच्या यंत्रमाग शेडमध्ये कामाला आहेत. ईएसआय सहसा दहा माणसांपासून लागू होतं. तीन माणसं कमी पडली!

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, हा चांगला निर्णय होता. हिमोग्लोबिन, साखर अशा नेहमीच्या तपासण्या तिथं होतात. पण असले लपलेले आजार ज्या तपासण्यांत सापडतात, त्या लिहून देणारा संधिवाततज्ज्ञ तालुक्याला कुठं असतो? देशातल्या आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरतात, असा सरकारचाच २०२१-२२चा हिशेब आहे. त्यात वहिनींच्या वहीतला हिशेबही आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. त्या पाच लाखांतले वर्षाला वीस हजार निदानासाठी मोकळे करा, भरतीची अट न घालता. सरकारी डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची ठेवा, म्हणजे खोटी बिलं लावणाऱ्यांना आवर बसेल. (खोटी बिलं भरतीच्या नावानंही लागतात, तेव्हा ते कारण पुढं करू नका.) जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस संधिवाततज्ज्ञ बसवा. आणि केसपेपरवर ‘निदान व्हायचे आहे’ असं लिहायला शिका, तसं लिहिलं की पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. उशिराची किंमत काय असते, ते सांगायला हवं का? वेळेत औषध सुरू न झालेल्या संधिवातात सांधे वाकडे होतात, आणि एकदा झाले की गोळ्यांनी सरळ होत नाहीत. मग ऑपरेशन. ते मात्र योजनेच्या यादीत बसेल!

परवा मी वहिनींना म्हटलं, चिठ्ठीवरचे पैसे मी देते. त्या नाही म्हणाल्या. ‘आधीचे तुमचे दोन हजार द्यायचेत अजून. श्रावणात माझी भिशी लागतीय, तेव्हा करू.’ बोलता बोलता त्यांनी पोळी उलटली, उलथन्यानं नाही, मनगटानं तवा तिरका करून. बोटांनी उलथनं धरवत नव्हतं.