कुर्ल्याहून आली तशी

दादाने अप्पांची १९७१ सालची फियाट 'कंपनीतून आली तशी' करायचं जाहीर केलं, तेव्हा आईने एकच विचारलं, "कंपनीतून आली तेव्हा तू पाहिली होतीस का?" दादा तेव्हा दीड वर्षाचा होता. त्यामुळे पाहिली होती हे खरं, पण साक्षीदार म्हणून तो कच्चा.

गाडी आमच्या जे. बी. नगरच्या सोसायटीत जिन्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. वार्षिक सभेत तिचा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' या सदरात यायचा आणि चहा आल्यामुळे पुढच्या वर्षावर जायचा. दादा निवृत्त झाला आणि ताडपत्री उठली. घरातल्यांना आधी बरं वाटलं. निवृत्तीनंतर माणसं शेअरबाजारात पडतात, राजकारणावर बोलू लागतात; त्यापेक्षा गाडी बरी.

या वेडाचं माहेर अमेरिका. तिथे मस्टँग, कमारो अशा साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोठ्या इंजिनाच्या दांडगट गाड्यांना मसल कार म्हणतात. त्या नुसत्या चकाचक करून भागत नाही. इंजिनावरचे आकडे गाडीच्या आकड्यांशी जुळावे लागतात, पाइपांच्या क्लिपा त्याच सालच्या लागतात, आणि कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने मारलेली फुलीसुद्धा होती तिथे पुन्हा मारतात. कॉर्व्हेटवाल्यांची तर १९७४ पासून राष्ट्रीय संस्था आहे. तिचे परीक्षक मुळापेक्षा चांगलं काम केलं असेल तर गुण कापतात! हे वाचून दादा भारावला. आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात तसे गुण जाण्याची भीती नव्हती.

दादाच्या गाडीत मात्र मसल म्हणावं असं काही नव्हतं. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, चाळिसाच्या आसपास अश्वशक्ती. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ व्हायची, पुरवठा तुटायचा, आणि बॉनेट उघडून आतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं घालून सगळं कुटुंब कठड्यावर करवंदं खात बसायचं. दंडाचे स्नायू लागायचे ते ढकलणाऱ्यांना.

पण वंशावळ खानदानी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना, आणि घराणं थेट इटलीचं. आधीच्या गोलमटोल गाडीला मुंबईने 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं होतं. १९६४ मध्ये ही ११०० डिलाइट आली. पुढे तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईकरांनी यातलं एकही नाव मनावर घेतलं नाही. फियाट ती फियाटच. परवान्यांच्या त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अप्पांनी बुकिंग केलं तेव्हा ते अविवाहित होते. गाडी हातात आली तेव्हा मागच्या सीटवर आई होती आणि तिच्या मांडीवर दादा.

खरी अडचण इथेच आहे. आईच्या सांगण्याप्रमाणे, गाडी ताब्यात मिळाल्यावर अप्पांनी ती घरी आणलीच नाही. सरळ ऑपेरा हाउसला नेली. तिथे चौकड्यांची सीटकव्हरं चढली, टपावर कॅरियर बसला, डॅशबोर्डवर छोटा पंखा आणि पंख्याच्या वाऱ्यात गणपती. घरी आल्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल मागच्या काचेखाली पसरला. म्हणजे गाडी कंपनीतून आली तशी एक दुपारभर होती, आणि त्या दुपारी तिच्याकडे नीट पाहायला कोणाला वेळ नव्हता. आमच्या ओळखीतल्या सगळ्या फियाटींचं हेच. तरीही दादाला ती दुपार परत हवी होती.

पहिला वाद रंगाचा. आई म्हणाली पिस्ता. धाकटे काका म्हणाले आकाशी. आत्याने आपल्या लग्नातला फोटो शपथेवर पुढे केला. तो कृष्णधवल निघाला. शेवटी दादाने जाणकारांचा उपाय केला. ऊन कधी लागत नाही तिथे मूळ रंग टिकतो म्हणून डॅशबोर्डच्या मागे बॅटरी घेऊन शिरला. आत खरोखरच हाताच्या तळव्याएवढा मूळ रंग होता. तो आम्ही सर्वांनी पाळीपाळीने पाहिला. आईला तो पिस्ता दिसला, काकांना आकाशी.

दुसरा टप्पा सुट्या भागांचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचं काहीही मिळतं. गाडीचा जन्मही कुर्ल्यातला असल्यामुळे दादा तिथे माहेरपण केल्यासारखा जायचा. त्या सुमारास भावही पडलेले होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली. शहर हळहळत होतं, वर्तमानपत्रं फोटो छापत होती, आणि दादा व्हील कॅपांची घासाघीस करत होता. एक डावं मडगार्ड त्याने 'अस्सल, न वापरलेलं' म्हणून आणलं. मिस्त्रींनी कागद मारला तेव्हा खालून काळा रंग वर आला आणि रंगाखालून बुजवलेली भोकं. मिस्त्री निर्विकारपणे म्हणाले, "साहेब, इथे मीटर होता. लांबी भरून देतो. तशी वस्तू अस्सलच आहे."

पण दादाचा जीव खरा अडकला तो फटींत. दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी यावी म्हणून तो फीलर गेज घालून माप घ्यायचा, दार उतरवायचा, बिजागरीखाली पत्र्याची चकती टाकायचा, पुन्हा चढवायचा. आणि हे कुठे, तर अंधेरीत! २०२४ च्या फेब्रुवारीत आमचा गोखले पूल अंशतः खुला झाला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. एक पूल खाली, एक वर, आणि मध्ये आभाळ. नंतर चक्क जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला, तेव्हा कुठे दोघे भेटले. ही बातमी दादाने कापून गॅरेजच्या भिंतीवर लावली. मिस्त्रींना वाटलं, आता साहेब फटीचं फार मनावर घेणार नाहीत. दादाने अर्थ उलटा काढला: जॅक लावला तर पूलसुद्धा जुळतो, दार का नाही?

मग कागदपत्रं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. गाडी या अटीत बसावी म्हणूनच दादाने ती शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलली होती. शिवाय अशी गाडी रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची. आईने नियम ऐकून घेतला आणि म्हणाली, "पेट्रोल आणि दुरुस्ती? मग हे आयुष्यभर नियमातच वागले."

अखेर गाडी तयार झाली. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता, पुढच्या दाराच्या तिकोनी काचा झळकत होत्या, क्रोमच्या बंपरमध्ये सोसायटीची इमारत नुकतीच रंगवल्यासारखी दिसत होती. जे कंपनीने दिलं नाही ते दादाने काहीही ठेवलं नव्हतं. फक्त गणपतीपाशी मिस्त्री अडले. तो काढून ठेवलेला पाहिल्यावर त्यांनी चावी फिरवायला साफ नकार दिला. दादाने आपल्या वहीत 'तात्पुरती जोडणी' अशी नोंद करून गणपती बसवला.

नियमाप्रमाणे पहिली फेरी पेट्रोलसाठी. पंपावर गर्दी जमली, फोन निघाले. एक वयस्क गृहस्थ काठी टेकत गाडीभोवती सावकाश फिरले. टप पाहिला, सीटा पाहिल्या, मागच्या काचेतून वाकून आत पाहिलं. दादा श्वास रोखून उभा. अमेरिकेतला परीक्षक भेटला तर असाच असणार.

"मेहनत चांगली घेतली आहे हो," ते म्हणाले, "पण ओरिजिनल नाही ठेवलीत. कॅरियर नाही, पंखा नाही. आमच्याकडे होती ना, म्हणून लगेच कळलं."

त्याच रात्री दादाने माळ्यावरून कॅरियर खाली काढला. सध्या तो १९७१ साली ऑपेरा हाउसला मिळणाऱ्या सीटकव्हरांच्या चौकड्या किती इंचांच्या होत्या, ते शोधतो आहे.