डिडक्टिबलकाका

प्रत्येक सोसायटीत एक डिडक्टिबलकाका असतात. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त, वय एकोणसत्तर, साखर काठावर, आणि काखेत रबरबँड लावलेली प्लास्टिकची फाइल. नोकरीत असताना त्यांनी स्वतःची पॉलिसी कधी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर मात्र भिंग घेऊन बसले, आणि आता ज्ञानेश्वरीतली ओवी लावावी तशी कलमं लावतात.

कुणाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय असं कळलं की बाकीचे विचारतात, "फार दुखतं का हो?" काका विचारतात, "खोलीला कॅपिंग आहे का?" आणि उत्तराची वाट न पाहता सुरू होतात. "समजा पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाडं रोज एक टक्का, म्हणजे पाच हजार. तुम्ही घेतली आठ हजारांची, खिडकीतून झाड दिसतं म्हणून. तुम्हाला वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. छे! सर्जनची फी, थिएटर, अशा खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री. असल्या दोन लाखांचे मिळणार सव्वा लाख. पंचाहत्तर हजारांना पडलं ते झाड!" पेशंट तोवर पोट धरून उभाच.

टॉप-अप की सुपर टॉप-अप, हा तर त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. सकाळच्या बाकावर सुडोकूच्या समासात ते पेन्सिलीने मांडतात. मूळ पॉलिसी पाच लाखांची, तिच्यावर पाच लाख डिडक्टिबलचं, म्हणजे पहिल्या पाच लाखांपर्यंत काहीच न देणारं, कवच. वर्षात दोनदा ॲडमिट झालात, दोन्ही वेळा बिल चार लाख. साधं टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजणार, पाच लाख एकानेही ओलांडले नाहीत, म्हणून दमडी देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरणार, आठ लाख, आणि वरचे तीन देणार. "कळलं?" शेजारच्या मावशी म्हणतात, "कळलं. पण मी वर्षातून दोनदा कशाला आजारी पडू?" काकांच्या मते हा प्रश्नच गैरलागू असतो.

सरकारी बातम्यांवर त्यांचं बारीक लक्ष. २२ सप्टेंबर २०२५ला वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्यावर आला, तेव्हा त्यांनी मजल्यावर पेढे वाटले (स्वतः अर्धा खाल्ला, साखर काठावर ना). सत्तरी पूर्ण केलेल्यांना उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांचं आयुष्मान कवच २०२४च्या ऑक्टोबरपासून मिळू लागलं. तेव्हापासून मुलं भीमरथी शांतीचा मुहूर्त बघतायत आणि काका आधार कार्डावरची जन्मतारीख.

काकूंना हे सगळं ऐकून पाठ झालंय. त्यांचं दुःख निराळंच. "इतकी वर्षं हप्ते भरतायत, पण साधा ताप येईल तर शपथ!" हे त्या कौतुकाने म्हणतात की तक्रारीने, ते मला अजून कळलेलं नाही. काकांना मात्र आपला एकही क्लेम झाला नाही याची थोडी हुरहूर असावी, असा माझा संशय आहे. ती हौस ते दुसऱ्याच्या डिस्चार्जला भागवून घेतात. अंतिम बिल गेल्यावर कंपनीने तीन तासांत उत्तर द्यायचं, असा २०२४चा नियम आहे. काका हॉस्पिटलात टीपीएच्या, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीसमोर खुर्ची ओढून मनगटावरचं घड्याळ बघत बसतात. पावणेतीन तास झाले की नुसते खाकरतात. आतला मुलगा फोन उचलतो.

तेव्हा 'बीपी लिहू नका, हप्ता वाढेल' असं एजंट म्हणाला, तर सही करण्याआधी तुमच्या सोसायटीतल्या काकांना चहाला बोलवा. दीड तास जाईल, जाऊ द्या. साठ महिने सलग हप्ते भरल्यावर कंपनीला जुनी माहिती सहसा उकरता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही क्लेम नाकारता येतो. ते कलम काकांना पान क्रमांकासह पाठ आहे.