भिंत : उंची पाच फूट, जागा वादग्रस्त

मनुष्याने आधी घर बांधावे आणि मग त्याच्या रक्षणार्थ भोवती भिंत घालावी, असा जो भाबडा समज वास्तुशास्त्राच्या पोथ्यांनी पसरवून ठेवला आहे, त्याचे निरसन करून घ्यावयाचे असेल त्याने मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमासारख्या वाढत्या गावच्या नव्या लेआउटमधून एकदा सावकाश फेरफटका मारावा. खरेदीखतावरची शाई वाळते न वाळते तोच प्लॉटच्या चतुःसीमेवर सिमेंटचे कंपाउंड उभे राहते, आत गाजरगवत आणि कोणाची तरी शेळी यांचा संसार सुखाने चाललेला असतो, आणि घर मात्र सोयाबीनला बरा भाव येईल त्या शुभ वर्षाची प्रतीक्षा करीत नकाशातच राहते. एका मालकास याचे कारण विचारता तो म्हणाला, "घर काय, होत राह्यते भाऊ, कंपाउंड आंदी पाह्यजे, नाहीतं शेजारी सरकते." मालमत्तेच्या हक्कावरील एवढे संक्षिप्त भाष्य आमच्या वाचनात अन्यत्र आलेले नाही.

सरकारला मात्र शेजारी सरकण्याची फिकीर नाही. त्याला चिंता आहे ती उंचीची. मुंबईसारखे मोजके अपवाद वगळून राज्याच्या बांधकामांसाठी २०२० च्या डिसेंबरात जी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, तिच्या हुकुमानुसार आवारभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, एवढीच उंच असावी. कोणास अधिकच हौस असल्यास ती २.४ मीटरपर्यंत नेण्याची मुभा आहे, परंतु वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा मोकळा हवा. या कलमाच्या कर्त्यास मानवी स्वभावाचे ज्ञान अंमळ कमी असावे. मालक नियमाबरहुकूम गज बसवितो, दाखल्याचा कागद हाती पडताच त्याच गजांना आतून शेडनेटची हिरवी जाळी बांधतो, आणि जाळीला स्वतःच्या डोळ्याच्या उंचीवर एक भोक ठेवतो. आरपार दिसण्याची अट अशा रीतीने एकाच दिशेने पाळली जाते.

परंतु खरा चमत्कार आहे तो रस्त्याच्या मध्यरेषेत. आपल्याकडील रस्ता ही स्थिर वस्तू नव्हे. दर निवडणुकीपूर्वी जुन्या थरावर नवा थर चढतो, कंत्राटदाराला जुना थर खरवडण्याची आज्ञा नसते आणि असली तरी तिची आठवण नसते. परिणामी रस्ता वर येतो आणि ज्याची भिंत कधीकाळी सहा फूट, अर्थात बेकायदा, होती ती काही काळाने जागेवरून तसूभर न हलता पाच फुटांची आणि निर्दोष होऊन बसते. धीर धरणाऱ्या नागरिकास कायद्याने दिलेले एवढे उदार अभय दुसऱ्या कोणत्या खात्यात मिळणार? पावसाळ्यात रस्त्यावरचे सगळे पाणी त्याच्या ओट्यावर येते, ही त्या अभयाची किरकोळ फी समजावी.

सर्वांत करुण अवस्था कोपऱ्यावरच्या प्लॉटधारकाची. दोन रस्ते जिथे मिळतात तेथून दोन्ही बाजूंस दहा मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच्या वर जाता कामा नये, उरलेली उंची हवी तर गजांनी भरावी, असे नियमावली सांगते. वळणावर येणारे वाहन दिसावे हा त्यातील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. मात्र एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, आणि दहा मीटर म्हणजेही जवळजवळ तेहतीस फूटच. ज्याने चार पैसे जास्त मोजून कोपऱ्यावरचा चौरस गुंठा मोठ्या तोऱ्यात घेतला, त्याच्या रस्त्याकडील दोन्ही भिंती अशा प्रकारे अडीच फुटांतच आटोपतात, आणि त्याच्या अंगणातील लोणच्याच्या बरण्यांची मोजदाद दोन रस्त्यांवरून एकाच वेळी करता येते.

हा रोग आपलाच आहे असे मानून कोणी खजील होऊ नये. विलायतेत शेजाऱ्याच्या कुंपणाची झाडे दोन मीटरपेक्षा उंच वाढून उजेड अडवू लागली तर तक्रार कोठे करावी याची तजवीज पार्लमेंटने २००३ साली केली, आणि तीही समाजविघातक वर्तनाला आळा घालणाऱ्या कायद्यात. म्हणजे गुंडगिरी आणि मेंदीची वाढ यांची दखल एकाच बासनात. अमेरिकेतील उपनगरांत तर घरमालकांच्या संस्था कुंपणाचा रंगही ठरवून देतात. आपल्याकडे अद्याप रंगाचे स्वातंत्र्य अबाधित आहे, हे फाटकाच्या खांबांवर बसविलेल्या सिमेंटच्या गुलाबी सिंहांवरून कोणाच्याही ध्यानात येईल.

पूर्वी येथे कूड असे. तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा, वरून शेणामातीने लिंपलेला. पलीकडच्या घरात कशाला फोडणी पडली ते अलीकडे कळे, आणि भांडण झाले तर लिंपण गळून त्याचा पुरावाही राही. आता भिंतीच्या माथ्यावर ओल्या सिमेंटात बाटल्यांच्या काचा उभ्या रोवतात. एका काचेवर लेबलाचा अर्धा तुकडा शाबूत होता आणि ज्याच्या भयाने हा बंदोबस्त, तो वानर दोन काचांच्या मधोमध बूड टेकवून, शेपटी आतल्या बाजूस सोडून, मालकाच्या पपईचा निवांतपणे समाचार घेत होता.

इतके करून भांडण उंचीवरून होतच नाही. ते होते पायावरून. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा सांभाळण्याचे दायित्व खातेदारावर टाकले आहे आणि खातेदार ते दायित्व इतक्या आत्मीयतेने पार पाडतो की खूण दरवर्षी शेजाऱ्याच्या बाजूस थोडी थोडी सुरक्षित स्थळी हलविली जाते. शेतातल्या धुऱ्यावर जे नांगराने साधते ते वस्तीत चार इंच जाड विटेने साधावे लागते. मग मोजणीचा अर्ज, मग तातडीच्या मोजणीचा अर्ज, मग मोजणी मान्य नसल्याची कैफियत. दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, अखंड आणि मालकाला न जुमानता बारा वर्षे कब्जा ठेवला तर त्यावर हक्क सांगता येतो, असे मुदतीच्या कायद्याचे धोरण. बारा वर्षे म्हणजे एक तप, आणि आश्रमाच्या गावात तपश्चर्येला कोण नाव ठेवणार?

शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापिलेल्या येथील विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लक्षावधी माणसे उघड्या शेतात पंगतीला बसतात आणि ट्रॅक्टरांतून पुरी व वांग्याची भाजी त्यांच्यापर्यंत पोहोचते. त्या पंगतीत दावा लढविणारे दोन शेजारी मांडीला मांडी लावून बसले तरी कोणी हद्द मागत नाही, हे खरे. पण त्यावरून कोणी भलते आशावादी होऊ नये, कारण ती जमीन त्या दोघांपैकी कोणाचीच नसते. (अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही २०१७ मध्ये हिवरा आश्रमला ठरले होते, वाद उठला आणि ते पुढल्या वर्षी बडोद्याला भरले. साहित्यिकांना वेशीवर अडविण्यास भिंत लागत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.)

नियमावलीत आणखी एक कलम आहे : फाटक आतल्या बाजूसच उघडावे, रस्त्यावर नव्हे. आत मोटार, ट्रॅक्टर आणि विटांचा ढीग असल्यामुळे ते आत उघडत नाही. म्हणून सरकते फाटक बसवितात, आणि ते सरकून शेजाऱ्याच्या भिंतीपुढे जाऊन थांबते. हे उघडणे आत समजावे की बाहेर, याचा खुलासा मागणारा अर्ज आम्ही जनहितार्थ तयार केला आहे. तिकीट लावून झाले आहे; फक्त त्यासोबत दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र जोडावे लागते.